खेळलात की नुसतं पाहिलंत?

‘लय भारी गेम आहे, एकदा खेळूनच पाहा.’ निम्म्या वह्यांचा शेवट या वाक्याने झाला आहे आणि उरलेल्या निम्म्यांची सुरुवात. बसा खाली. गुण आज सांगणार नाही. सांगायला लाज वाटावी असे ते आहेत, आणि ती लाज माझ्या वाट्याची नाही.

विषय तुम्हीच मागून घेतला होता. दरवर्षी ‘माझा आवडता ऋतू’ लिहून कंटाळलो, एकदा गेमवर लिहू द्या, म्हणून वर्गप्रतिनिधीला पुढे करून आलात. मी हो म्हटलं. मोठा मोकळा मुलूख, स्वतःच्या हाताने करायची लढाई आणि हळूहळू वाढवत न्यायचं आपलं पात्र, असा ओपन वर्ल्ड ॲक्शन रोल-प्लेइंग गेम घ्या म्हटलं. तो स्वतः खेळलेला असावा, खेळताना काय वाटलं ते लिहावं आणि नव्याने बसणाऱ्याला सल्ला द्यावा. एवढंच. रात्री दोन वाजेपर्यंत ज्याच्याशिवाय दुसरं काही सुचत नाही, त्यावर दोन पानं लिहायला अकोल्याच्या पोट्ट्यांना काय जड जावं? पण जड गेलं. कारण तुमचा हिशेब होता की मॅडमला यातलं काय कळणार, काहीही खरडा, चालून जाईल.

तर ऐका. एल्डन रिंग मी खेळले आहे. भाच्याच्या पीसीवर, कंट्रोलर हातात धरून. हसू नका. पहिल्या देवळातून बाहेर पडताच त्या अनेक हातांच्या राक्षसाने मला जसं आडवं केलं, तसंच तुम्हालाही केलं असणार. फरक एवढाच, की मी कशी मेले ते मला सांगता येतं.

तिसऱ्या बाकावरच्या साहेबांपासून सुरुवात करू. याने पहिल्या पानावर प्रामाणिकपणे लिहिलं की मार्गिट या बॉसपाशी अडकलो, पुढे जाता आलं नाही. फार छान. दुसऱ्या पानावर हाच गृहस्थ नवख्याला सल्ला देतो: ‘मिमिक टिअर बोलवा, तो एकटाच बॉसला मारतो, तुम्ही बाजूला उभे राहा.’ अबे, आपली नक्कल होऊन लढणारा हा मिमिक टिअर मिळतो कुठे? नोक्रॉन शहरात. नोक्रॉनचा रस्ता कधी उघडतो? रादान हा बॉस पडल्यावर. रादान कुठे, मार्गिट कुठे! गावाच्या वेशीवर अडकलेला माणूस काशीतल्या गल्ल्यांची माहिती देतोय. बरं, माहिती तरी ताजी असावी. मिमिक टिअरची ती जादू खेळ निघाला तेव्हाची, म्हणजे 25 फेब्रुवारी 2022 नंतरच्या तीन आठवड्यांतली. 17 मार्च 2022 च्या दुरुस्तीत कंपनीने त्याचे वार हलके केले आणि त्याची वागण्याची रीतही बदलली. म्हणजे ज्या व्हिडिओवरून उतरवलंस, तोही शिळा. चोरी करायची तर तारीख बघून तरी करायची!

आणि हा एकटा नाही. ‘या गेमची स्टोरी जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी लिहिली आहे’ हे वाक्य इतक्या वह्यांत शब्दशः आलं आहे, की एकाचं दुसऱ्याने पाहिलं का दोघांनी मिळून तिसऱ्याचं पाहिलं, हे शोधण्याचा नाद मी सोडला. वाक्य चूकही आहे. मार्टिन यांनी त्या जगाची पूर्वपीठिका रचली: जुनी घराणी, देवांची भांडणं, कोण कोणाचा. आपण खेळतो ती कथा, पात्रांची बोलणी, वस्तूंची वर्णनं हे काम हिदेताका मियाझाकी आणि त्यांच्या फ्रॉमसॉफ्टवेअरच्या मंडळींचं. वेष्टनावर नाव वाचलं आणि ठोकून दिलं.

तुम्ही ज्या जिल्ह्यांत राहता तिथे अनुभव गोळा करण्याची रीत सातशे वर्षांपूर्वी घालून दिलेली आहे, हे तुम्हाला ठाऊक असेल अशी आशा मी कधीच सोडली, तरी सांगते. अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर. तेराव्या शतकात चक्रधर स्वामी निघून गेल्यानंतर म्हाइंभटाने त्यांच्या आठवणी गोळा करायला घेतल्या. स्वामींसोबत राहिलेल्या, हिंडलेल्या माणसांना तो गाठत गेला. कोणी काय पाहिलं, कोणाच्या कानावर काय पडलं, कुठल्या गावी, कोणत्या प्रसंगी. आणि ते पुन्हा नागदेवाचार्यांसारख्या जाणत्याकडून पडताळून घेतलं. त्यातून लीळाचरित्र उभं राहिलं. त्याच्या पोथ्यांत आठवणी जुळल्या नाहीत तर भेद झाकला जात नाही. एकाची वासना, म्हणजे आठवण, अशी, दुसऱ्याची तशी, म्हणून दोन्ही नोंदवल्या जातात. आज त्याच रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ आहे. आणि तिथून काही कोसांवर बसलेले तुम्ही ‘असं म्हणतात की’ अशी सुरुवात करून दोन पानं भरता. कोण म्हणतं? तुला दिसलं काय? तुझ्या आणि शेजारच्याच्या अनुभवात फरक का पडला?

फरक का पडतो याचं उदाहरण वर्गातच आहे. एकाने सायबरपंक 2077 ला भंगार म्हटलं आहे, दुसऱ्याने आजवरचा सर्वोत्तम. मधल्या सुट्टीत दोघांची याच्यावरून जुंपली होती म्हणे. दोघांनीही लिहिलेलं नाही की कोणत्या यंत्रावर खेळलो आणि कधी. हा खेळ 10 डिसेंबर 2020 ला आला. त्याआधी समीक्षकांना खेळायला दिली होती ती पीसीवरची प्रत, आणि स्वतः चित्रित केलेली दृश्यंही त्यांना दाखवू दिली नव्हती. चांगल्या पीसीवर खेळून त्यांनी कौतुक केलं. लोकांनी ते वाचून जुन्या प्लेस्टेशन फोरवर घेतला, तर माणसं भिंतीतून आरपार चालतायत, चेहरे धड उमटत नाहीत, खेळ मध्येच बंद पडतोय. आठवडा उलटतो तोच सोनीने तो आपल्या दुकानातून काढून टाकला आणि थेट जून 2021 मध्ये परत ठेवला. पुढे सप्टेंबर 2023 मध्ये 2.0 आवृत्ती आली, तिने बराच खेळ नव्याने बांधला. आता सांगा, ‘भंगार’ खरं का ‘सर्वोत्तम’ खरं? ज्याने डिसेंबर 2020 मध्ये चुलतभावाच्या जुन्या प्लेस्टेशनवर खेळला त्याचं पहिलं खरं, आणि ज्याने मागच्या दिवाळीत नव्या पीसीवर खेळला त्याचं दुसरं खरं. यंत्र आणि तारीख न लिहिता दोघेही वायाच गेले.

यंत्राचा विषय निघालाच आहे तर ‘गेम फालतू आहे, सारखा अडकतो’ म्हणणारे महाशय उभे राहा. तुझ्या लॅपटॉपची रॅम किती? आठ जीबी. एल्डन रिंगला किमान किती लागते? बारा. खेळाच्या पानावर लिहिलेलं असतं. ग्राफिक्स कार्ड किमान जीटीएक्स 1060, जागा साठ जीबी. त्यातून तू खेळलास कधी? मे महिन्यात, दुपारी, पत्र्याच्या खोलीत. अकोल्याचा मे! पारा 45 च्या वर जातो, माणसाची मती चालत नाही, तर त्या यंत्राने काय करावं? तापलं की ते आपला वेग आपणच कमी करतं, नाहीतर जळेल. हे तू लिहिलं असतंस तर वऱ्हाडातल्या प्रत्येक पोराच्या कामाचं होतं: उन्हाळ्यात रात्री खेळा, लॅपटॉप गादीवर ठेवू नका, खालून हवा जाऊ द्या, चित्राचा दर्जा एक पायरी खाली आणा. ते राहिलं आणि ठपका खेळावर गेला. गंमत अशी की पीसीवर हा खेळ सुरुवातीला खरोखरच अडखळत होता, चांगल्या यंत्रांवरसुद्धा, आणि कंपनीनेही ते मान्य केलं होतं. म्हणजे तुझ्या तक्रारीत थोडं तथ्य असण्याची शक्यता आहे. पण खेळाचा दोष किती, यंत्राचा किती आणि पत्र्याचा किती हे तू वेगळं केलंच नाहीस, म्हणून तुझी तक्रार मला जमेला धरता येत नाही.

‘लेव्हल वाढवायची सोयच दिलेली नाही, बग आहे.’ कोणाची वही, नाव घेत नाही. बग नाही रे भैताडा. मेलिना नावाची मुलगी भेटल्याशिवाय लेव्हल वाढत नाही, आणि गेटफ्रंटच्या ग्रेसपाशी, म्हणजे विसाव्याच्या जागी, बसलं की ती आपणहून येते. घोडाही तीच देते. तू तिथवर गेलाच नाहीस. दारातल्या त्या सोनेरी घोडेस्वाराशी, ट्री सेंटिनेलशी, पुन्हा पुन्हा भिडत राहिलास, कारण समोर दिसला म्हणजे मारायचाच, अशी तुझी समजूत. त्याला वळसा घालून जाता येतं. मियाझाकींनी त्याला तिथे उभा केलाय तो बहुधा हेच शिकवायला, की या मुलखात दिसणाऱ्या प्रत्येकाशी आत्ताच लढायचं नसतं.

परतवाडा-अचलपूरची मुलं वर्गात आहेत, हात वर करा. गाविलगड पाहिलाय? चिखलदऱ्याला जाऊन मका खाल्ला आणि फोटो काढून आलात, ते नाही विचारत. 1803 च्या नोव्हेंबरात अकोल्याकडच्या अडगावला भोसल्यांची फौज हरली आणि इंग्रज गाविलगडावर निघाले. दक्षिणेकडून गड म्हणजे सरळ उभा कडा. इंग्रज सेनापती वेलस्लीने त्या बाजूने नुसती हूल दिली. दुसऱ्या तुकडीच्या स्टीव्हन्सनच्या लोकांनी अवजड तोफा डोंगराला वळसा घालून, रस्ता कापत, हातांनी ओढत उत्तरेच्या अंगाला नेल्या, कारण त्या बाजूने गडाला भिडता येत होतं. 15 डिसेंबरला गड पडला. आपला गड पडला याचा आनंद मी मानत नाही, पण समोरच्या कड्यावर डोकं आपटण्यापेक्षा वाट शोधावी हे शत्रूकडून शिकायलाही हरकत नसते. एल्डन रिंगमध्ये मार्गिटचं तेच आहे. तो स्टॉर्मव्हेल किल्ल्याच्या तोंडावर बसलाय. त्याला सोडून आधी दक्षिणेला वीपिंग पेनिन्सुला पालथं घालता येतं. तिथल्या तीन चर्चमध्ये सेक्रेड टिअर आहेत, त्यांनी औषधाच्या कुपीचा गुण वाढतो. लिमग्रेव्हच्या खाणीतून स्मिदिंग स्टोन आणून चर्च ऑफ एलेहच्या ऐरणीवर हत्यार तीन पायऱ्या चढवता येतं. व्हिगर, म्हणजे अंगातला जीव, वाढवता येतं. तुम्ही सगळे ताकदीत पॉइंट घालता आणि एका फटक्यात मरता, मग म्हणता गेम अन्याय करतो. आणि अगदीच कंटाळा आला तर किल्ल्याच्या बाजूने एक वाट आहे, ती सगळा किल्ला टाळून पुढच्या मुलखात निघते. अचलपूरच्या पोराने ‘मार्गिटला हरवल्याशिवाय गेम पुढेच जात नाही’ असं लिहावं? गाविलगडाच्या पायथ्याशी राहून?

मार्गिटबद्दल एक गोष्ट तुमच्यातल्या कोणीही लिहिली नाही, आणि त्याच्याकडून मार खाल्लेल्या प्रत्येकाला ती जाणवायला हवी होती. तो काठी उचलतो आणि थांबतो. आपण घाबरून लोळण घेतो. आपली लोळण संपते, मग तो मारतो. खेळ आपल्या घाईवर वार करतो, हे ज्याच्या ध्यानात आलं त्याने पुढच्या दहा बॉसची किल्ली हातात घेतली. याला मी निरीक्षण म्हणते. ‘मार्गिट खूप हार्ड आहे’ याला मी शाई वाया घालवणं म्हणते.

आता सल्ल्याकडे येते, कारण तिथे तुम्ही जास्त पाप केलंय. तुम्हाला वाटतं, जितकं जास्त सांगू तितका सल्ला मोठा. एकीने ठळक अक्षरांत चौकट आखून लिहिलं आहे की ड्रॅगन-बर्न्ट रुइन्सच्या तळघरातली पेटी उघडू नका, ती अमुक ठिकाणी नेऊन टाकते. काहून सांगितलंस बाई? त्या खेळातला तो सगळ्यात सुरेख दगा आहे. नवखा माणूस पेटी उघडतो, धूर येतो, आणि डोळे उघडतात ते केलिड मुलखातल्या स्फटिकांच्या खाणीत, जिथला बारीकसा किडाही त्याला एका घासात खाईल. बाहेर पडल्याशिवाय नकाशावरून परतही येता येत नाही. छाती धडधडते, चोरपावलांनी वाट काढत तो उजेडात येतो आणि समोर लाल कुजलेलं आभाळ. आपण कुठे येऊन पडलो! हा क्षण तू त्याच्याकडून काढून घेतलास आणि त्याला मदत म्हणतेस. त्याला सांगायचं होतं ते एवढंच: अनोळखी जागी फेकला गेलास तर लढू नकोस, उघड्यावर ये, ग्रेस शोध. हे त्याला कोणत्याही पेटीनंतर कामी आलं असतं.

अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं नाव तुम्ही फक्त प्रवेशाच्या वेळी घेता. 1914 पासूनचा आखाडा आहे तो; 1936 साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी इथली माणसं देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून आली. आखाड्यातला वस्ताद पोराला पहिल्याच दिवशी सगळे डाव तोंडी सांगून टाकतो काय? तो आधी पडू देतो. कसा पडला ते पाहतो. मग पाय कुठे चुकला तेवढं सांगतो, आणि तेही एकच. तुमच्या वह्यांत मात्र ‘बिगिनर टिप्स’च्या नावाखाली शेवटच्या बॉसचं नाव आहे, शेवट किती आणि कोणते आहेत ते आहे, कोणतं पात्र कधी मरतं ते आहे. नवख्याला अजून जिना दिसला नाही आणि तुम्ही त्याला गच्चीवरून काय दिसतं ते ऐकवताय.

उलट जे सांगायला हवं होतं ते कोणाच्या मनात आलं नाही. एल्डन रिंगमध्ये पॉजचं सरळ बटण नाही. मेनू उघडला तरी राक्षस थांबत नाही. ज्या घरात आई दर अर्ध्या तासाने गॅस बंद कर म्हणून हाक मारते, पाण्याची मोटर लावायला उठावं लागतं, दारात कोणीतरी येतं, त्या घरातल्या मुलाला पहिला सल्ला हाच: हाक ऐकू आली की ग्रेस गाठ किंवा मोकळ्या जागी घोडा उभा कर, आईला ‘दोन मिनिटं’ म्हणू नकोस, तिची दोन मिनिटं खरी असतात आणि तुझी नसतात. दुसरं, मेल्यावर रून्स, म्हणजे लढून मिळवलेली कमाई, जिथे सांडले तिथे धावत सुटू नकोस; वाटेत पुन्हा मेलास तर ते कायमचे गेले. तिसरं, स्टोरी नाही म्हणणाऱ्यांनो, स्टोरी आहे. ती कोणी बसून सांगत नाही. वस्तूंच्या वर्णनांत, भिंतींवर, प्रेतं कोणत्या दिशेला तोंड करून पडली आहेत त्यात ती आहे. खेळात मराठी नाही, हिंदी नाही, इंग्रजीही जुन्या वळणाची. म्हणून ते मजकूर तुम्ही न वाचता बंद करता. शब्दकोश घेऊन बसायला काय हरकत आहे? मी बसले होते.

फोनवर गेन्शिन इम्पॅक्ट खेळणाऱ्यांनो, तुम्ही गालात हसू नका. ‘पूर्ण फ्री आहे, बिनधास्त घ्या’ असं लिहिलंय तुम्ही. 28 सप्टेंबर 2020 ला तो खेळ आला तेव्हापासून फुकट आहे हे खरं, आणि फिरायला मुलूख सुंदर आहे हेही खरं. पण हवं ते पात्र मिळवायची सोडत कशी चालते? पाच ताऱ्यांचं पात्र एका खेपेत निघण्याची शक्यता 0.6 टक्के. नव्वदाव्या खेपेपर्यंत पाच तारे मिळण्याची हमी, पण हवं तेच मिळेल याची नाही. याला तुम्ही फुकट म्हणता? आठवीतला भाऊ तुमचं वाचून खेळायला बसेल आणि आईच्या फोनवरून पैसे कापले जातील तेव्हा हा सल्ला कोणाच्या नावावर जमा होईल? हा हिशेब पहिल्या ओळीत यायला हवा होता, तो कुठेच आला नाही.

एकाने जाता जाता मारलेला शेरा: ‘असले गेम आपल्या लोकांना जमत नाहीत.’ पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 मध्ये ‘राजी’ काढला. ओपन वर्ल्ड नाही, चार-सहा तासांचा आहे, लढाई काही ठिकाणी कच्ची आहे. पण दुर्गेचं त्रिशूळ घेऊन भावाला शोधणारी मुलगी आहे त्यात, आणि त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या खेळांच्या यादीत त्याला नामांकन होतं. खेळून नावं ठेव, मी ऐकेन.

वर्गात एक वही बरी निघाली. एका मुलीची. तिने एल्डन रिंग भाऊ क्लासला गेल्यावर, त्याच्या चोरून खेळलेला आहे, आणि हे तिने पहिल्याच ओळीत लिहून टाकलंय. तिने बॉसची यादी दिली नाही. मिस्टवूडमधल्या विहिरीतल्या लिफ्टबद्दल लिहिलं आहे. लिफ्ट खाली जाते, जाते, थांबतच नाही, तिला वाटलं खेळ अडकला, बंद करावा. आणि मग दार उघडलं तर जमिनीच्या पोटात चांदण्या. सल्ला म्हणून तिने लिहिलं, ‘लिफ्ट लांब वाटली तर बंद करू नका.’ बस. पुढे काय आहे ते सांगितलं नाही. मला ती लिफ्ट माहीत असूनही परत जावंसं वाटलं. तिलाही मी पूर्ण गुण दिलेले नाहीत, कारण ऱ्हस्व-दीर्घाच्या नावाने वहीत दुष्काळ आहे आणि ‘आणि’चा ‘णि’ तिने आठ ठिकाणी दीर्घ काढलाय. पण वही वाचून घ्या तिची.

सल्ला देणं किती जोखमीचं काम आहे हे एल्डन रिंगनेच तुम्हाला दाखवलं होतं, तुम्ही लक्ष दिलं नाही. जमिनीवर इतर खेळणाऱ्यांनी सोडलेले निरोप चमकत असतात. मनात येईल ते लिहिता येत नाही, ठरावीक साचे आणि ठरावीक शब्द जोडूनच निरोप तयार करावा लागतो. त्यातही लोकांनी काय काय साधलंय! कोणी लिहितं, पुढे लपलेली वाट आहे, आणि खरंच भिंतीवर वार केला की ती विरून जाते. कोणी कड्याच्या टोकाशी लिहून ठेवतं, उडी मारून पाहा. भाबडा उडी मारतो, मरतो. मग त्याच्याशेजारी तिसऱ्याने निरोप ठेवलेला असतो: पुढे खोटारडा आहे. आणि ज्याच्या निरोपाला कोणी चांगला शेरा देतं, त्याचं रक्त त्या क्षणी भरून येतं, तो जगाच्या दुसऱ्या टोकाला लढत असला तरी. तुमच्या वह्यांतले बहुतेक निरोप मला कड्याच्या टोकावरचे वाटले. दुष्टपणाने लिहिलेले नाहीत. स्वतः उडी मारून न पाहता लिहिलेले आहेत.

2022 मध्ये याच खेळातला एक खेळाडू झाला, ‘लेट मी सोलो हर’ या नावाने. डोक्यावर मडकं, अंगावर जवळपास काही नाही, हातात दोन तलवारी. मलेनिया या बॉसपाशी हरून हरून रडकुंडीला आलेल्या अनोळखी लोकांनी बोलावलं की यायचा, त्यांना मागे उभं करायचा आणि एकटा लढायचा. भाषण नाही, व्हिडिओवर ओरडणं नाही. खेळाच्या प्रकाशकांनी पुढे त्याला खरीखुरी तलवार भेट पाठवली. तुमच्यातला एक लिहितो, ‘मलेनिया ईझी आहे, स्किल पाहिजे फक्त.’ मग ये ना बाबा, ज्याला जमत नाही त्याच्याकडे जा, बस त्याच्याशेजारी. कॅफेत तासाचे पैसे तू भर. मग लिही.

सगळ्यांनी पुन्हा लिहायचंय. नाराजी घरी दाखवा. पहिल्या ओळीत यंत्र, रॅम, खेळाची आवृत्ती माहीत असेल तर ती, आणि कोणत्या महिन्यात खेळलात ते. दुसऱ्या ओळीत कुठवर पोहोचलात. जिथवर पोहोचलात त्याच्या पुढचा एक शब्द मला वहीत दिसता कामा नये. व्हिडिओवर पाहिलेलं असेल तर ‘पाहिलं’ लिहायचं, ‘केलं’ नाही. सल्ला तीन ओळींपेक्षा जास्त नको. ‘भारी’, ‘फालतू’, ‘एक नंबर’, ‘नेक्स्ट लेव्हल’ हे शब्द या वर्गात परीक्षेपर्यंत बंद. ज्याच्याकडे पीसी नाही त्याने फोनवर जे खेळतो तेच लिहावं, उगाच दुसऱ्याच्या प्लेस्टेशनचा अनुभव अंगावर घेऊ नये. कमी खेळलेल्याचे गुण मी कापत नाही, न खेळलेल्याचे कापते. सोमवारी पहिल्या तासाला वह्या टेबलावर हव्यात. आणि तिसऱ्या बाकावरच्या साहेबांनो, मिमिक टिअर खोडा, मार्गिटपाशी अडकलात तर अडकलो असंच लिहा, आणि त्याच्या कितव्या फटक्याला मरता तेही लिहा.